पेन ड्राइव्ह केव्हा काढायचा

माझा धंदा सांगितला की लोक विचारतात, "म्हणजे टीव्ही दुरुस्ती का?" पूर्वी मी समजावून सांगायचो. नंतर नंतर "हो, तसंच काहीसं" म्हणून मोकळा व्हायचो. धुळ्याला देवपुरात घराच्या पुढच्या खोलीत माझं वर्कशॉप होतं. कापसाचे जिनिंगवाले, डाळ मिलवाले, शीतगृहवाले यांना लागणारी छोटी नियंत्रण यंत्रं मी बनवून देत असे. आता खोलीत नातवाची सायकल असते.

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या यंत्रांच्या गमतीजमती लिहा" असं सुचवलं. गमती आहेत, त्या लिहितोही. पण मी लिहायला बसलो ते एका माणसासाठी. जळगावच्या एका केळी पिकवायच्या चेंबरवर सुपडूभाऊ नावाचे ऑपरेटर होते. निष्काळजी म्हणून त्यांना कामावरून दूर केलं गेलं आणि तो शिक्का पुढे त्यांच्यावर कायम राहिला. ते निष्काळजी नव्हते. चूक माझ्या यंत्रात होती. हे मला फार पूर्वीच कळलं होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा काँप्युटर. त्याला एकच काम शिकवलेलं असतं आणि तो ते जन्मभर करतो. तापमान मोजायचं, वाढलं की कॉम्प्रेसर चालू करायचा, आकडा पडद्यावर दाखवायचा. गिऱ्हाइकांना एवढं पुरे असे. मग त्यांना हे आकडे साठवून हवेसे झाले आणि साठवलेले आकडे पेन ड्राइव्हवर हवेसे झाले. "साहेब, खाली एक भोक ठेवा, त्यात पेन ड्राइव्ह घातला की झालं," असं मला पहिल्यांदा सांगणाऱ्या माणसाला वाटलं, काम भोक पाडण्यापुरतंच आहे.

यूएसबीच्या वायरीला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांचा दर्जा सारखा नसतो. एका टोकाला वर्गातले गुरुजी असतात, दुसऱ्या टोकाला विद्यार्थी. विद्यार्थी विचारल्याशिवाय बोलत नाही. गुरुजींनी हजेरी घ्यायची, नाव विचारायचं, काय येतं ते विचारायचं, मग पाटीवर काय लिहायचं ते सांगायचं. घरच्या काँप्युटरला पेन ड्राइव्ह जोडतो तेव्हा काँप्युटर गुरुजी असतो. या गुरुजींना होस्ट म्हणतात. आमची नखाएवढी चिप मात्र सगळीकडे विद्यार्थीच होती. तिला गुरुजी करायचं तर ही सगळी विचारपूस तिला शिकवायची, पेन ड्राइव्हला पाच व्होल्टची वीज पुरवायची आणि त्यावर फाइल कशी मांडतात तेही शिकवायचं.

सुरुवातीला मी हे काम करणारी वेगळी तयार चिप आणून मधे बसवत असे. आमच्या चिपने तिला सोप्या भाषेत सांगायचं, तिने पेन ड्राइव्हशी बोलायचं. दुभाषा ठेवावा तसा प्रकार होता. पुढे होस्टची सोय पोटातच असलेले मायक्रोकंट्रोलर आले आणि दुभाष्याची गरज राहिली नाही. पण तेव्हा विचारपुसीचा सगळा प्रोग्रॅम आपल्या अंगावर आला. तो जमवण्यात माझा एक पूर्ण उन्हाळा गेला. पेन ड्राइव्हने पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगितलं तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो होतो.

विजेने आधी पाणी पाजलं. पेन ड्राइव्ह खोचल्याबरोबर क्षणभर बरीच वीज ओढतो. मी तीच वीज चिपलाही देत होतो, त्यामुळे पेन ड्राइव्ह खोचला की चिप बेशुद्ध पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. बाजारातल्या स्वस्त पेन ड्राइव्हनी तर हैराण केलं. एक चाले, अगदी तसाच दिसणारा दुसरा चालत नसे. शेवटी पेन ड्राइव्हची वीज वेगळी काढली, तिच्यावर मर्यादा घालणारा स्विच बसवला, तेव्हा हे थांबलं.

ते थांबलं तर माणसं सुरू झाली. धरणगावच्या एका जिनिंगमधून फोन आला की यंत्र सारखं बंद पडतं. एसटीने गेलो. बघतो तर आमच्या भोकातून एक वायर निघाली होती आणि तिच्या टोकाला वजनकाट्यावरच्या माणसाचा मोबाइल चार्ज होत होता. मी म्हटलं, "अहो, हे यासाठी नाही." तो म्हणाला, "भोक तर तेच आहे ना साहेब? मग आत वेगळं काय ठेवलंय तुम्ही?" मी वायर काढून त्याच्या हातात दिली. एका हेडमास्तरांना शाळेच्या घंटेऐवजी पेन ड्राइव्हवरचं गाणं वाजवणारं यंत्र करून दिलं होतं. त्यांनी प्रार्थना भरलेला समजून मुलीच्या लग्नातला पेन ड्राइव्ह लावला. सकाळी सगळी शाळा ओळीत उभी आणि वरून बँड. मास्तर मला म्हणाले, "तुमच्या यंत्राला एवढं कळायला नको?" मी त्यांना तेव्हा हसून उत्तर दिलं की यंत्र सांगितलं तेवढंच करतं. हे वाक्य मी पुढेही बऱ्याच ठिकाणी वापरलं. त्यात एक सोय होती, चूक नेहमी समोरच्याची ठरत असे.

आता चेंबरकडे येतो.

जळगावला एका केळीच्या शेठनी जुन्या वखारीच्या जागी आधुनिक पिकवणी चेंबर बांधले होते. त्यांचंच एक केंद्र धुळ्यालाही होतं. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून बंद खोलीत ठेवतात, ठरावीक थंडाव्यात आणि ठरावीक वायूत ती काही दिवसांत सारखी पिवळी होतात. थंडावा बिघडला तर गर मऊ होतो आणि साल हिरवट राहते, असा माल कोणी घेत नाही. बाहेरच्या मोठ्या खरेदीदारांनी अट घातली होती की गाडीबरोबर चेंबरच्या तापमानाची नोंद द्यायची. म्हणून शेठनी माझ्याकडून यंत्र घेतलं. ऑपरेटरने गाडी भरताना पेन ड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं, शिट्टी वाजली की काढायचा आणि ऑफिसात द्यायचा.

धुळ्याच्या चेंबरवर हिलाल होता. धुळ्याचाच माणूस, बोलका, जागेवर कधी न सापडणारा. जळगावला सुपडूभाऊ. धरणगावजवळच्या खेड्यातून येऊन पिंप्राळ्यात राहिलेले. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, चेंबरच्या दारात चपला काढून आत जाणारे. मी त्यांना यंत्र शिकवलं तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "शिट्टी वाजनी का काढी लेऊ ना? आधी नही?" मी म्हटलं, "बरोबर. वाजल्यावर काढायचा."

यंत्र दाखवायच्या दिवशी शेठ स्वतः उभे होते. मी बटण दाबलं. शिट्टी व्हायला काही सेकंद लागले. शेठनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, इतका वेळ? नाशिकवाल्याचं मशीन तर लावलं की झालं." मी म्हटलं, "सगळं नीट लिहून होतं तेव्हाच वाजते." ते म्हणाले, "माझ्या माणसांना गाड्या भरायच्या असतात. फास्ट करा ना थोडं."

लिहिणं फास्ट करणं माझ्या हातात नव्हतं. पेन ड्राइव्हवर आकडे लिहिले म्हणजे काम संपत नाही. पुस्तक छापून झाल्यावर अनुक्रमणिका जोडावी तसं सगळ्यात शेवटी फाइल किती मोठी आहे, कुठे आहे, हे लिहून ती बंद करावी लागते. हा शेवटचा भाग राहिला तर आकडे आत असूनही फाइल रिकामी दिसते. मी लिहिण्याचा वेग तसाच ठेवला आणि शिट्टी पुढे आणली. आकडे पाठवून झाले की शिट्टी, फाइल बंद करायचं काम शिट्टीनंतर. माणूस हात पुढे करेल, पेन ड्राइव्ह पकडेल, तेवढ्यात ते उरकेल असा हिशोब केला. माझ्या टेबलावर ते दर वेळी उरकत होतं. बनवणारा माणूस नकळत थांबतो, त्याचा हात आपल्या यंत्राला सांभाळून घेतो. शेठ खूश झाले.

काही महिन्यांनी जळगावहून तक्रार आली, फाइल रिकामी येते. नेहमी नाही, अधूनमधून. धुळ्याहून अशी तक्रार एकदाही नव्हती. यंत्र दोन्हीकडे सारखं. मी जळगावचं यंत्र काढून घरी आणलं, टेबलावर तपासलं, निर्दोष निघालं. परत बसवलं. पुन्हा रिकामी फाइल. चेंबरवरची माणसं सुपडूभाऊंची थट्टा करू लागली. हिलाल धुळ्याहून गाडीबरोबर आला की सगळ्यांसमोर म्हणायचा, "सुपडू, तुन्हा हात लागना का मशीन रुसस. एकदा मन्हा हात लावी देख."

मग एक गाडी परत आली. माल मऊ पडला होता. खरेदीदार म्हणाला चेंबरमध्ये बिघडला, शेठ म्हणाले वाटेत ट्रकमध्ये बिघडला. तापमानाची नोंद असती तर भांडण मिटलं असतं. फाइल रिकामी होती.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटलेलं होतं, आम्ही दोघंच होतो. ते रागात नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "साहेब, एकच सांगा. मशीन की माणूस?"

मला तोपर्यंत खरं कारण माहीत नव्हतं. पण शिट्टी मी पुढे आणली आहे, हे माहीत होतं. ते त्या क्षणी आठवलंही. मी म्हणालो, "मशीन बरोबर आहे. धुळ्याला चालतंय ना?"

शेठनी मान हलवली. सुपडूभाऊंना चेंबरवरून काढून क्रेट उचलण्याच्या कामावर जायला सांगितलं. ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत.

खरं कारण मला त्यानंतर थोड्याच दिवसांत धुळ्याला कळलं. कॉम्प्रेसरच्या दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. हिलालने पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि तो बाहेरच्या टपरीवर चहाला निघून गेला. शिट्टी वाजली, ऐकायला तिथे तो नव्हता. मला आकडे लॅपटॉपवर हवे होते, म्हणून शिट्टी वाजताच मीच पेन ड्राइव्ह ओढला. लॅपटॉपला लावला. फाइल रिकामी होती.

मग मी हिशोब मांडला. जळगावच्या यंत्रात दिवसाचे आकडे जास्त, कारण तिथे चेंबर जास्त, म्हणून फाइल बंद व्हायलाही थोडा जास्त वेळ. आणि समोर शिट्टीची वाट पाहत हात तयार ठेवून उभा असलेला माणूस. हिलाल माझं ऐकत नव्हता म्हणून त्याच्या फाइली शाबूत होत्या. सुपडूभाऊ मी सांगितलं तसंच करत होते.

हिलाल चहा पिऊन आला. "काय झालं साहेब?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही."

त्याच आठवड्यात दोन्ही यंत्रांतला प्रोग्रॅम बदलला. आधी फाइल बंद, ती पुन्हा उघडून तपासणी, आणि मग शिट्टी. शेठना सांगितलं, "सुधारित आवृत्ती टाकली आहे." शिट्टी पूर्वीसारखी उशिरा वाजू लागली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सुपडूभाऊंना परत बोलवा, एवढं म्हणायला मला तोंड उघडावं लागलं असतं. पण शेठचे दोन नातेवाईक माझ्याकडून यंत्र घेण्याच्या विचारात होते. मी तोंड उघडलं नाही. पुढे ती यंत्रंही चांगली चालली, त्यांत शिट्टी योग्य जागी होती.

या वर्षी हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं की छापायच्या आधी त्यांना जाऊन सांगायचं. शेठ आता नाहीत. हिलालकडून पत्ता घेतला आणि जळगावला गेलो. पिंप्राळ्यात त्यांच्या मुलाचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे, मागे घर. सुपडूभाऊ दुकानासमोर खुर्चीवर बसले होते. शर्ट तसाच पांढरा. मला लगेच ओळखलं. "या भाऊ, या. बठा." आत हाक मारली, "देख वं, कोण उनं!"

त्यांची बायको बाहेर आली. चेंबरवर डबा घेऊन यायच्या तेव्हापासून मी त्यांना अक्का म्हणत असे. मुलगा हात पुसत म्हणाला, "तुम्हीच का ते मशीनवाले? आबा आमच्या दुकानात पाना पण उचलत नाहीत बरं. टीव्हीसुद्धा दुसऱ्याला लावायला सांगतात. म्हणतात, मी हात लावला की बिघडतं."

सुपडूभाऊ हसले. मी लांबण न लावता सांगितलं. फाइल, शिट्टी, आणि हे सगळं मी लिहितो आहे तेही. ते शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "नही भाऊ. मन्हीच उतावळ व्हयनी. तुम्हनं मशीन चांगलं व्हतं."

"अहो, शिट्टी वाजल्यावर काढायचात ना?"

"हा. वाजनी का काढी लेऊ."

"मग उतावळ कुठे झाली?"

"थोडा येळ थांबाले पाहिजे व्हतं. बाकीना थांबेत."

मला वाटलं होतं, रागावतील किंवा सुटल्यासारखं वाटेल त्यांना. इतकी वर्षं ते स्वतःला समजावत आले होते की चूक आपलीच, आणि आता ते मत सोडायला तयार नव्हते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दारात उभ्या अक्का मधेच म्हणाल्या, "मी काय सांगस इतला वरीस? हाऊ माणूस दूध बी उतू जाऊ देत नही. हाऊ काय उतावळ करी?"

"तू थांब," सुपडूभाऊ म्हणाले. मग मला विचारलं, "हिलालले माहीत शे का हे?"

मी तिथूनच हिलालला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मी चहा पियाले जाऊ म्हणीसन वाचनू? आणि मी बठ्ठा लोकस्मोर त्याले हसू!"

सुपडूभाऊ फोनकडे वाकून म्हणाले, "आते तरी चहा सोडी दे."

"आते तं मुळीच सोडाव नही!" हिलाल ओरडला. मुलगा हसला, अक्का हसल्या. मग हिलाल खालच्या आवाजात म्हणाला, "सुपडू, मन्हं चुकनं भो."

"राहू दे," सुपडूभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. अक्कांनी स्वयंपाकाची घाई केली. जेवल्याशिवाय ती दोघं मला सोडणार नव्हती. आम्ही बराच वेळ केळीच्या भावावर आणि जळगावच्या रस्त्यांवर बोललो. मी तेवढ्यावर थांबू शकलो असतो, आणि थांबलोच होतो. मग सुपडूभाऊंनी सहज विचारलं, "शेठनी तरी एकदा तुमले इचाराले पाहिजे व्हतं. इचारं व्हतं का?"

"हो," मी म्हणालो. "विचारलं होतं."

"मंग तुम्ही काय सांगं?"

"मशीन बरोबर आहे म्हणालो."

"तवय तुमले माहीत नव्हतं."

"नक्की माहीत नव्हतं. शंका होती."

 मुलगा दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून उठला. सुपडूभाऊंनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "लिखता शेतस ना? मंग बठ्ठं लिखा, सगळं. हे बी लिखा." मग उठून आत गेले.

ताट आलं ते एकच आलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, भाकरीबरोबर खायचं तेल आणि मिरचीचा ठेचा. मी अक्कांना विचारलं, "सुपडूभाऊ?" त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही जेवा. आबा बसाव नही."

मी जेवायला लागलो. अक्का भाकरी वाढायला वाकल्या, तेवढ्यात आतल्या खोलीतून सुपडूभाऊंचा आवाज आला.

"तेल वाढं का त्यास्ले?"